सच्छिद्र ॲल्युमिना: कसा बनवायचा, तपासायचा आणि वापरायचा

सच्छिद्र सिरॅमिक बनवायला घेतलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न टक्क्यांचा असतो: सच्छिद्रता, म्हणजे घनफळातला पोकळ्यांचा वाटा, ४० टक्के हवी की ६०? खरं तर हा प्रश्न नंतरचा. आधी हे ठरवा की या तुकड्यातून काय जायचं आहे आणि काय अडायचं आहे. द्रव असो वा वायू, एका पोकळीतून दुसरीत तो दोन पोकळ्यांमधल्या अरुंद गळ्यातूनच जातो. गाळण किती बारीक होणार, दाब किती लागणार, बुडबुडा केवढा सुटणार, हे सगळं त्या गळ्यावर ठरतं. पोकळी ५० मायक्रॉनची आणि गळा ५ मायक्रॉनचा असेल, तर गाळणी म्हणून तो तुकडा ५ मायक्रॉनचाच. गळा निम्मा केला की तेवढ्याच सच्छिद्रतेला प्रवाह जवळजवळ चौथाईवर येतो. म्हणून आधी गळ्याचं माप पक्कं करा, त्यावरून पद्धत निवडा, टक्के शेवटी बघा.

टक्के वाढवण्याची किंमत ताकदीत मोजावी लागते आणि ती सरळ हिशेबाने उतरत नाही, घातांकी उतरते. ४० टक्के सच्छिद्र ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) ताकद घट्ट ॲल्युमिनाच्या पाचव्या ते सोळाव्या हिश्शाएवढी राहते. पाचवा की सोळावा, हे पोकळ्यांचा आकार आणि दाण्यांमधले सांधे किती चांगले जुळलेत त्यावर अवलंबून. गरजेपेक्षा दहा टक्के सच्छिद्रता जास्त घेणं ही चैन नाही, नुकसान आहे.

इथे उदाहरण ॲल्युमिनाचं घेतलं आहे, कारण ऑक्साइड सिरॅमिकमध्ये तो सर्वांत सरळ वागतो: हवेत भाजता येतो, भाजताना त्याचं स्फटिकरूप बदलून तडे जात नाहीत, बहुतेक आम्लांना दाद देत नाही. झिर्कोनिया आणि टायटानियालाही हाच क्रम चालतो, फक्त घनता आणि भाजण्याचं तापमान बदलावं लागतं. झिर्कोनिया मात्र इट्रियाने (इट्रियम ऑक्साइडने) स्थिर केलेलाच घ्या. शुद्ध झिर्कोनिया थंड होताना स्फटिकरूप बदलतो, फुगतो आणि तुकडा भट्टीतच फुटतो.

गळ्यावरून पद्धत

गळा ०.१ ते ०.२ मायक्रॉन हवा असेल तर काहीही न मिसळता अर्ध्या मायक्रॉनची बारीक ॲल्युमिना पावडर दाबा आणि १२०० ते १३०० अंशांवर अर्धवट भाजा. दाण्यांचे सांधे जुळतात, मधल्या फटी तशाच राहतात, सच्छिद्रता ३५ ते ४० टक्के मिळते. या पद्धतीत सांगण्यासारखं फार नाही. एकच लक्षात ठेवा, ५० अंश जास्त झाले तरी फटी मिटायला लागतात, तेव्हा भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तुकड्याजवळ हवा.

एक ते दहा मायक्रॉनच्या पट्ट्यात स्टार्चची पद्धत उत्तम. दहा ते वीस मायक्रॉनला जाड दाणे जोडायचे. मिलिमीटरच्या मापाची जाळी हवी असेल, उदाहरणार्थ वितळलेला धातू गाळायला, तर स्पंजवर घोळ (पाण्यात कालवलेली पावडर) चढवून स्पंज जाळायचा.

स्टार्चची पद्धत

यात स्टार्च दोन कामं करतो. गरम घोळात तो पाणी पिऊन फुगतो, त्यामुळे घोळ साच्यातच घट्ट बसतो. पुढे भट्टीत जळून गेला की त्याच्या जागी पोकळी राहते. वेगळा बाइंडर (दाणे चिकटवून ठेवणारा पदार्थ) लागत नाही, प्लास्टरचा साचाही लागत नाही.

पोकळीचं माप स्टार्चच्या जातीवर ठरतं. तांदळाच्या स्टार्चचे कण साधारण ५ मायक्रॉनचे, मक्याचे १४ च्या आसपास, बटाट्याचे ५० च्या आसपास. गळा मात्र पोकळीच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढाच निघतो, कारण गळा होतो तो दोन स्टार्चकण एकमेकांना जिथे टेकलेले असतात तेवढ्या ठिपक्यावर. स्टार्च कमी घातला तर कण एकमेकांना टेकतच नाहीत आणि पोकळ्या बंद राहतात. वजनाला हलका पण पाणी न जाऊ देणारा तुकडा हवा असेल तरच असं करा. घन पदार्थांच्या एकूण घनफळात स्टार्च ३० टक्के धरला तर पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात.

पहिल्या घाण्यासाठी माप असं घ्या:

ॲल्युमिना (सरासरी कण ०.५ मायक्रॉन, शुद्धता ९९.५ टक्क्यांहून जास्त): ५०० ग्रॅम
मक्याचा स्टार्च, कोरडा धरून: ८१ ग्रॅम
डिस्टिल्ड पाणी: १७२ मिली
अमोनियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, २५ टक्के द्रावण (डिस्पर्संट, म्हणजे कण सुटे ठेवणारं रसायन): १० ग्रॅम

हिशेब घनफळाचा आहे. ॲल्युमिनाची घनता ३.९७, म्हणजे ५०० ग्रॅमचं घनफळ १२६ घनसेंमी. स्टार्चची घनता १.५, म्हणजे ८१ ग्रॅमचं ५४ घनसेंमी. दोन्ही मिळून १८० आणि पाणीही तेवढंच, म्हणजे घोळात निम्मं घन, निम्मं पाणी. डिस्पर्संटच्या द्रावणात साडेसात ग्रॅम पाणी असतंच, ते वजा केलं आहे. स्टार्चचं माप बदलाल तेव्हा वजनाचे टक्के धरू नका, घनफळाचा हा हिशेब पुन्हा मांडा. ॲल्युमिना स्टार्चपेक्षा अडीच पटींहून जड असल्यामुळे वजनाचे टक्के फार फसवतात.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पिशवीतला स्टार्च कोरडा दिसला तरी त्यात १० ते १५ टक्के ओलावा असतो. थोडा स्टार्च १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवून घट मोजा. ओलावा १२ टक्के निघाला तर ८१ ऐवजी ९२ ग्रॅम स्टार्च तोला आणि पाणी ११ मिली कमी करून १६१ मिली घाला. हे सोडलं की घोळ रोज वेगळा वागतो आणि दोष पावडरीला दिला जातो.

पाणी आणि डिस्पर्संट बरणीत घ्या, मग ॲल्युमिना थोडा थोडा घाला. एक लिटरच्या बरणीत १० मिमीच्या ॲल्युमिना गोळ्या ७५० ग्रॅम टाकून १२ तास बॉल मिलवर फिरवा. डिस्पर्संट वगळू नका: नुसत्या पाण्यात ॲल्युमिनाच्या कणांवरचा विद्युतभार पीएच ८ ते ९ च्या आसपास शून्य होतो आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. पॉलिअ‍ॅक्रिलेट कणांवर बसून त्यांना ऋण भार देतं, कण एकमेकांपासून लांब राहतात. घोळाचा पीएच ८.५ ते ९.५ मध्ये ठेवा, कमी पडला तर अमोनियाचे थेंब घाला. डिस्पर्संट जास्त घातल्याने घोळ आणखी पातळ होत नाही. एका मर्यादेनंतर उलट दाट होतो, कारण उरलेलं पॉलिमर पाण्यात मोकळं फिरत राहतं.

स्टार्च शेवटी घाला आणि त्यानंतर गोळ्या काढून फक्त ढवळा, एक तास पुरे. गोळ्यांसकट फिरवला तर कण फुटतात आणि फुटलेला स्टार्च थंड पाण्यातही फुगतो, मग घोळ साच्यात ओतण्याआधीच थिजतो. घोळ त्याच दिवशी वापरा. स्टार्चचा घोळ उबेला आंबतो, पीएच उतरतो, कण गोळा होतात. आंबूस वास आला की तो घाणा ओतायच्या लायकीचा राहिलेला नाही.

ओतण्याआधी व्हॅक्यूमखाली पाच ते दहा मिनिटं ठेवून हवा काढा. घोळ फुगून वर येतो आणि मग एकदम बसतो. तो बसला की आणखी दोन मिनिटं थांबा. त्यानंतर ढवळायचं असेल तर हळू, भोवरा पडू न देता.

साचा धातूचा, काचेचा किंवा सिलिकॉनचा चालतो. आतून सिलिकॉन तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. ओतून वरून झाकण किंवा प्लास्टिकची फिल्म घट्ट लावा आणि ७५ ते ८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा गरम पाण्यात एक तास ठेवा. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांत फुगतो, बटाट्याचा त्याच्या थोडा आधी. झाकण नसेल तर वरचं पाणी उडून जातं, पृष्ठभागावर साय धरते आणि तिथे पुढे हमखास तडा जातो.

इथे एक उलटं वाटणारं सत्य आहे. घोळ पातळ झाला किंवा गरम व्हायला वेळ लागला तर स्टार्च तळाला बसत नाही, वर तरंगतो. ॲल्युमिना आणि पाणी यांच्या मिश्रणाची घनता २.२ च्या आसपास असते, स्टार्चची दीड. चकतीची वरची बाजू जास्त सच्छिद्र आणि खालची घट्ट निघत असेल, भाजल्यावर चकती बशीसारखी वाकत असेल, तर हेच झालं आहे. पाणी कमी करा किंवा साचा आधीच गरम करून ओता.

तुकडा कोमट झाल्यावर साच्यातून काढा. या वेळी तो कडक खोडरबरासारखा लागतो: बोटाने दाबला तर किंचित दबतो, पण ठसा राहत नाही. ठसा राहिला तर आणखी अर्धा तास गरम करा. वाळवणी सावकाश करा. पहिले २४ तास फिल्मखाली, जाळीवर, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा ठेवा, मग ६० अंशांवर सहा तास, शेवटी ११० अंशांवर रात्रभर.

जाळणी आणि भाजणी

फुटलेल्या तुकड्यांपैकी बहुतेकांचा घात शेवटच्या भाजणीच्या १५५० अंशांवर झालेला नसतो, तो २०० ते ५०० च्या दरम्यान झालेला असतो. तडा दिसतो शेवटी, म्हणून दोष शेवटच्या तापमानाला लावला जातो. सहा मिमी जाडीच्या चकतीसाठी हा क्रम धरा:

२०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश
२०० ते ५०० मिनिटाला अर्धा अंश
५०० वर १ तास थांबा
५०० ते १००० मिनिटाला २ अंश, तिथे १ तास

एवढ्याला सुमारे १९ तास लागतात. घाई करू नका. स्टार्च ३०० अंशांच्या आसपास विघटन पावतो, त्याचे वायू त्याच बारीक गळ्यांतून बाहेर यायचे असतात. मागे कोळसा उरतो आणि तो जळायला आत ऑक्सिजन पोचावा लागतो. तापमान भराभर चढलं तर बाहेरचा थर स्वच्छ होतो, आत कोळसा अडकतो. मग एकदम ऑक्सिजन मिळाला की तो आतल्या आत पेट घेतो, गाभा भट्टीपेक्षा कितीतरी गरम होतो आणि चकती जाडीच्या मधोमध उलते, दोन पापुद्रे वेगळे झाल्यासारखी. जाडी दहा मिमीच्या वर असेल तर २०० ते ५०० चा वेग आणखी निम्मा करा.

या टप्प्यात भट्टीचं झाकण किंवा धूर जाण्याचं भोक उघडं हवं आणि खोलीत हवा खेळती हवी. निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो, धुराडं नसेल तर हे काम बंद खोलीत करू नका.

१००० अंशांवरून थंड केलेला तुकडा हाताळण्याइतका घट्ट असतो. एखादा याच टप्प्यावर मोडून बघा. मोडीचा रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा पांढरा हवा. मध्ये राखाडी पट्टी दिसली तर जाळणी अपुरी आहे. बाकीचे तुकडे तसेच पुढे पाठवू नका, पुन्हा ६०० वर दोन तास ठेवा. घासायचं, भोक पाडायचं, कड नीट करायची ती आत्ताच, पूर्ण भाजल्यावर हिऱ्याच्या चाकाशिवाय काही होत नाही. साच्याला टेकलेल्या बाजूंवर कधी कधी जरा घट्ट त्वचा असते. चकती गाळणीसाठी असेल तर दोन्ही तोंडं बारीक पॉलिश पेपरवर पाव मिमी घासून ती काढून टाका. मास्क लावूनच घासा.

मग मिनिटाला ३ ते ५ अंशांनी १५५० पर्यंत, दोन तास, आणि थंड करताना मिनिटाला ५ अंशांहून वेगात नाही. सिलिकॉन कार्बाइडच्या दांड्यांची भट्टी १५०० च्या पुढे ताणू नका, त्याहून जास्त तापमानाला मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या दांड्या लागतात. तुकड्याखाली जाड ॲल्युमिना दाण्यांचा विरळ थर पसरा, आकसताना तो त्यावर सरकतो. कोऱ्या प्लेटवर ठेवला तर खालची बाजू अडकते, वरची आकसते आणि कडा वर उचलल्या जातात.

आकसणं किती होणार ते आधीच काढता येतं. वरच्या घोळात ॲल्युमिना एकूण घनफळाच्या ३५ टक्के आहे. भाजून ६२ टक्के घन आणि ३८ टक्के सच्छिद्र तुकडा मिळाला, तर ०.३५ भागिले ०.६२ याचं घनमूळ ०.८३ येतं. म्हणजे ५० मिमीच्या साच्यातून साधारण ४१ मिमीची चकती. स्टार्च ३० टक्के घालून सच्छिद्रता ३० च्या वर का निघते, असं वाटेल. कारण स्टार्च फुगून स्वतःपेक्षा मोठी जागा धरतो, शिवाय भिंतींमध्येही थोड्या फटी उरतात.

जाड दाणे जोडून

हवेचे बारीक बुडबुडे सोडणारी चकती, गाळणीचा जाड आधार, द्रव वर खेचणारी वात: या कामांना ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. आकसणं दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतं, माप चुकत नाही आणि गळा थेट दाण्यावरून ठरतो: दाण्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढा. एफ २२० प्रतीचा वितळवून दळलेला ॲल्युमिना सरासरी ५८ मायक्रॉनचा असतो, म्हणजे गळा १२ ते २० मायक्रॉन.

दाणे एकाच मापाचे असणं फार महत्त्वाचं. बारीक दाणे मिसळले की ते मोठ्यांच्या फटीत बसतात, सच्छिद्रता आणि गळा दोन्ही पडतात. तेव्हा दाणे पाण्यात धुऊन, धूळ ओतून टाकून वापरा.

पूर्ण शुद्ध तुकडा हवा असेल तर ९२ भाग दाणे, ८ भाग अर्ध्या मायक्रॉनचा बारीक ॲल्युमिना आणि १६०० अंश. बारीक पावडर दाण्यांच्या सांध्यावर गोळा होऊन तिथे भाजली जाते. भट्टी एवढी तापत नसेल तर काचेचा जोड द्या: ८४ भाग दाणे, १० भाग पोटॅश फेल्डस्पार (वितळून काच होणारं खनिज), ६ भाग केओलिन (पांढरी चिनी माती), १२५० ते १२८० अंशांवर एक तास. या जोडाला एक मर्यादा आहे: गरम तीव्र अल्कली त्याला खाते, तुकडा वरून धड दिसतो आणि आतून सुटा होतो. कॉस्टिक सोड्याच्या कामाला तो देऊ नका.

मिसळण्याचा क्रम चुकवू नका. आधी दाणे ५ टक्के पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या द्रावणाने नुसते ओलसर करा, १०० ग्रॅमला ५ ते ६ ग्रॅम द्रावण पुरतं. प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे, पण मूठ दाबली तर पाणी निघता कामा नये. मग वरून बारीक पावडर भुरभुरत ढवळा, ती दाण्यांना चिकटते. उलट क्रमाने केलं की पावडरच्या वेगळ्या गोळ्या होतात आणि भाजल्यावर त्या चकतीत पांढरे घट्ट ठिपके होऊन बसतात.

पोलादी साच्यात ४० मेगापास्कलला दाबा. ५० मिमी व्यासाच्या चकतीला हे साधारण ८ टन होतात. दाब सोडताना हळू सोडा. एकदम सोडला तर आत दबलेली हवा सुटते आणि चकतीला टोपीसारखा आडवा तडा जातो.

स्पंजची जाळी

१९६३ साली श्वार्त्सवाल्डर आणि सोमर्स यांना पेटंट मिळालं ते याच युक्तीवर: पॉलियुरेथेनचा स्पंज घोळात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा, स्पंज जाळायचा. स्पंज खुल्या खिडक्यांचाच घ्या. साध्या स्पंजमध्ये पोकळ्यांवर पातळ पडदे असतात, ते घोळ धरून ठेवतात आणि जाळी बुजते. मापं १०, २०, ३० पीपीआय अशी मिळतात, म्हणजे एका इंचात इतक्या पोकळ्या. ३० च्या पुढे पिळताना घोळ बाहेर काढणं अवघड होत जातं.

इथला घोळ स्टार्चच्या घोळापेक्षा वेगळा हवा: ढवळताना पातळ, थांबला की घट्ट. ॲल्युमिना वजनाने ७८ टक्के, वर पावडरच्या एक टक्का बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक माती) आणि दीड टक्का पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. बेंटोनाइट नसेल तर घोळ रात्रीत खाली ओघळतो, वरच्या दांड्या उघड्या पडतात आणि तळाला थर साचतो.

स्पंज बुडवून आतच दाबून-सोडून हवा काढा, मग दोन रोलरमधून जाडीच्या ७५ ते ८० टक्के दाबत काढा. अंदाजावर सोडू नका, प्रत्येक तुकडा तोला. ५० बाय ५० बाय २० मिमीचा स्पंज भाजून १५ टक्के घन व्हावा आणि लांबीत १५ टक्के आकसावा असं धरलं, तर शेवटचं घनफळ जवळजवळ ३१ घनसेंमी आणि त्यात ॲल्युमिना १८ ग्रॅम लागतो, म्हणजे ओला घोळ २३ ते २४ ग्रॅम. कमी भरला तर पुन्हा बुडवू नका, वाळल्यावर पातळ घोळ फवारा. दुसऱ्या बुडवणीत पहिला थर भिजून सुटतो.

पॉलियुरेथेन २५० ते ४०० अंशांत जातं आणि जाण्याआधी फुगतं. तिथे मिनिटाला अर्धा अंश ठेवा. तरी प्रत्येक दांडीत मधोमध तीन कोनांची पोकळी राहतेच आणि तिच्या कोपऱ्यांत बारीक तडे असतात. ही जाळी दाबाला तग धरते, पण तिच्यावर वाकवणारा भार देऊ नका.

तपासणी

दोन चाचण्या घरच्या तराजूवर आणि साध्या हवेच्या दाबावर होतात, आणि त्या दोन्ही कराच.

पहिली तोलाची. चकती ११० अंशांवर वाळवून कोरडी तोला. डिस्टिल्ड पाण्यात दोन तास उकळा, त्याच पाण्यात थंड होऊ द्या, १२ तास ठेवा. पाण्यात लोंबकळत तोला, मग बाहेर काढून ओल्या पिळलेल्या कापडाने फक्त चकाकी टिपा आणि पुन्हा तोला. कोरड्या कापडाने पुसू नका, ते पृष्ठभागावरच्या छिद्रांतलं पाणी ओढून घेतं. समजा कोरडं वजन २०.४०, पाण्यात १५.२०, भिजलेलं २३.६२ ग्रॅम आलं. भिजलेल्यातून पाण्यातलं वजा केलं की ८.४२, हे चकतीचं घनफळ. आत गेलेलं पाणी ३.२२. भागाकार ३८.२ टक्के, ही उघडी सच्छिद्रता. कोरडं वजन भागिले घनफळ, घनता २.४२. ती ३.९७ च्या ६१ टक्के आहे, म्हणजे एकूण सच्छिद्रता ३९ टक्के. दोन्हींतला फरक एका टक्क्याच्या आत, म्हणजे बंद पोकळ्या जवळजवळ नाहीत. हा फरक पाच-सहा टक्के निघू लागला तर स्टार्च कमी पडतोय किंवा भाजणी जास्त होतेय.

दुसरी बुडबुड्याची. भिजलेली चकती रबरी रिंगमध्ये आवळा, वर दोन मिमी पाणी ठेवा, खालून हवेचा दाब अगदी हळू वाढवा. पहिला सलग बुडबुड्यांचा धागा ज्या दाबाला सुरू होतो तो टिपा. २.८८ ला त्या बारमधल्या दाबाने भागलं की सर्वांत मोठ्या गळ्याचा व्यास मायक्रॉनमध्ये मिळतो. ०.४ बारला धागा सुटला तर ७.२ मायक्रॉन. बुडबुडा कुठून येतोय ते बघा. कडेला रिंगलगत येत असेल तर ती गळती आहे, चकतीचं माप नाही. एकाच जागेहून फार कमी दाबाला येत असेल तर तिथे तडा किंवा हवेचा अडकलेला बुडबुडा आहे. पेन्सिलने खूण करा, वाळवा, त्या जागी शाईचा थेंब सोडा: तडा असेल तर शाई रेघेत पळते.

वापरताना

बसवताना दोन्ही बाजूंना मऊ रिंग हवी, सिलिकॉनची किंवा तापमान जास्त असेल तर ग्रॅफाइटची. धातूच्या कडेवर थेट आवळली तर एका उंचवट्यावर सगळा भार येतो आणि चकती पहिल्याच आवळणीत जाते. दाब शक्यतो असा द्या की चकती आधाराच्या जाळीवर टेकेल.

नवी चकती उकळून धुवा, घासताना बसलेली भुकटी पहिल्या गाळणीत उतरते. गाळणीत प्रवाह कमी झाला की दाब वाढवत नेऊ नका. दाबाने कण गळ्यात आणखी रुततात. लवकर आणि थोडा वेळ उलटा प्रवाह द्या.

क्षार जमले तर पातळ नायट्रिक किंवा सायट्रिक आम्ल, तेलकट किंवा सेंद्रिय मळ असेल तर भट्टीत मिनिटाला २ अंशांनी ६०० पर्यंत नेऊन एक तास. हायड्रोफ्लोरिक आम्ल कधीच नाही. भट्टीत ठेवण्याआधी चकती ११० अंशांवर पूर्ण वाळलेली हवी. गळे बारीक असले की आतली वाफ वेळेत निघत नाही आणि तुकडा आवाज करून फुटतो. गरम चकतीवर पाणी टाकू नका.

मिठाच्या किंवा कोणत्याही क्षाराच्या द्रावणात वापरलेली चकती तशीच वाळू देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पाणी उडतं, स्फटिक गळ्यात वाढतात आणि भिंतींवर रेटतात. दोन-तीन वेळा असं झालं की कडेचे दाणे बोटाला लागून येऊ लागतात. काम संपलं की डिस्टिल्ड पाणी आरपार सोडा, बाहेर येणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता आत जाणाऱ्याइतकी होईपर्यंत, आणि मगच वाळवा.

उत्प्रेरकाचा आधार म्हणून वापरायचं असेल तर १५५० ला भाजलेल्या ॲल्युमिनाचा अंतर्गत पृष्ठभाग फार थोडा असतो हे ध्यानात घ्या. त्यावर बोहमाइट सोलचा (पाण्यात तरंगणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा) पातळ थर देऊन ५५० अंशांवर भाजा, गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचं जास्त पृष्ठभागाचं रूप) तयार होतो आणि ग्रॅममागे २०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग त्या थरात मिळतो. त्यानंतर तुकडा ११०० च्या वर नेऊ नका. गॅमाचा अल्फा (ॲल्युमिनाचं स्थिर रूप) होतो आणि तो पृष्ठभाग कोसळतो. उत्प्रेरक धातूच्या क्षाराचं द्रावण किती लागेल ते तोलाच्या चाचणीतूनच मिळतं: वरच्या चकतीत ३.२ मिली. तेवढंच थेंबाथेंबाने पाजा. जास्त घातलं तर वाळताना धातू बाहेरच्या कडेला ओढला जातो.

बुडबुड्याची चाचणी प्रत्येक मोठ्या सफाईनंतर पुन्हा घ्या आणि पहिल्या दिवशीचा आकडा चकतीच्या कडेवर पेन्सिलने नाही, वहीत लिहून ठेवा, पेन्सिल पहिल्या भाजणीत जळून जाते. दाब पहिल्यापेक्षा जास्त येत असेल तर मळ उरला आहे, सफाई पुन्हा करा. निम्म्यावर उतरला असेल तर कुठेतरी गळा दुप्पट झाला आहे, मग चकती डोळ्यांना कितीही धड दिसो, गाळणीतून ती काढून टाका.